तांबड्या घोडीचं ताट

घोडी लंगडायला लागली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी आधी रस्त्याला दोष दिला. निंबर्ग्याकडून आमच्या वस्तीवर येणाऱ्या रस्त्यावर त्या वर्षी नवी खडी पडली होती. घोडी मातीत बरी चालायची. खडीवर आली की थांबायची, एक पाऊल उचलून हवेत धरायची, मग टेकवायची की नाही याचा विचार करत राहायची. कधी पुढचे दोन्ही पाय लांब टाकून अंगाचा भार मागे घ्यायची आणि तशीच उभी. मुलगा म्हणाला, "अव्वा, खडी टोचायलीय तिला. नाल मारून घेऊ."

मलाही ते पटलं. सगळा जन्म जनावरांत गेलेल्या बाईला ते पटायला नको होतं.

आमच्या लोकांच्या घोड्यांना नाल नसतो. मेंढरांमागे बिऱ्हाड वाहणारी घोडी वर्षभर चालते आणि चालून चालून तिचा खूर आपोआप घडतो. जास्तीचा झिजतो, उरलेला घट्ट होतो. पावसाळ्यात इकडच्या काळ्या रानात चिखल होतो, मेंढरांचे पाय कुजतात. म्हणून आम्ही बीदरकडे वर जायचो, कमठाण्याच्या पलीकडे, तांबड्या मुरमाच्या माळावर. सुगी झाली की परत खाली आळंदच्या बाजूला. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे, लेंड्यांचं खत मिळतं म्हणून. घोडीच्या पाठीवर भांडी, घोंगड्या, पाण्याचे डबे, कोंबड्यांची पाटी, रात्रीच जन्मलेलं कोकरू आणि सगळ्यांच्या वर माझं पोर. माझा मुलगा चालायच्या आधी घोडीवर बसायला शिकला. आता तो कडगंचीला दुसऱ्याची गाडी चालवायला जातो आणि म्हणतो, त्या दिवसांतलं आपल्याला काही आठवत नाही. मला सगळं आठवतं. कुठल्या ओढ्याचं पाणी गोड आणि कुठल्या गावची कुत्री वाईट, तेसुद्धा.

त्या काळात घोडी खायची काय? वाटेवरचं वाळलं गवत. बांधावरचा पाला. कुणी दिली तर कडब्याची पेंढी. दिवसभर तोंड चालू आणि पायही चालू. दाणे भरून तोंडाला बांधायचा तोबरा आमच्याकडे एकच होता. लांबचा पल्ला असला तरच तो निघायचा, एरवी त्यात मी कांदे ठेवायची. गूळ म्हणाल तर आमचे मालक न्याहारीला भाकरीबरोबर खायचे आणि शेवटचा सुपारीएवढा तुकडा घोडीला द्यायचे. तेवढ्यासाठी ती त्यांच्या मागे मागे फिरायची.

ही तांबडी घोडी त्यांची शेवटची. तिची आई आमच्याकडे होती, आजीही होती.

मालकांचे पाय गेले ते साखरेने. आधी तळव्यांची आग व्हायची, मग अंगठा काळा पडला. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी अंगठा काढला आणि चालणं बंद केलं. मेंढरं धाकट्या दिराच्या हवाली झाली. त्याने घोडीही मागितली तेव्हा मालक म्हणाले, "मी मेल्यावर ने." घोडी दारातल्या लिंबाखाली बांधली, तिच्या शेजारी यांची बाज. दोघं दिवसभर एकमेकांकडे बघत असायची. चालायची सवय असलेल्या दोन जिवांना असं एका जागी बसलेलं बघवत नव्हतं, पण मला स्वयंपाकपाणी होतं. मी बघत बसले नाही.

डॉक्टरांनी गूळ बंद सांगितला होता. मी गुळाच्या डब्याला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"म्हातारे, एवढासा खडा दे."

"न्हाई."

"मरायलोय मी."

"मरा. पन गूळ न्हाई."

ते हसले. त्यांना माझं बोलणं ठाऊक होतं. पण त्यानंतर आठ दिवसांत ते गेले आणि ते वाक्य माझ्यापाशी राहिलं. डॉक्टरांनी सांगितलेलं केलं, त्यात माझं चुकलं नाही हे मला कळतं. कळून काही उपयोग होत नाही.

आमच्या घरात एक रीत आहे. माणूस गेलं की वर्षभर संध्याकाळी त्याचं ताट वाढायचं आणि ते त्याच्या आवडत्या जनावराला घालायचं. माझ्या सासऱ्यांचं ताट एका म्हाताऱ्या मेंढ्याला जायचं. पण तेव्हा आम्ही वाटेवर होतो. ताट म्हणजे भाकरीचा चतकोर आणि वर बोटभर चटणी. मेंढा ते चावत चावत पुढे निघायचा.

मालकांचं ताट मी घरात वाढलं. घरात भरपूर होतं आणि डब्याची किल्ली माझ्या कमरेला होती. पितळी ताटात दोन भाकऱ्या कुस्करायच्या आणि वर गूळ. सुपारीएवढा नव्हे, मुठीएवढा. घोडी जिभेने ताट घासून पुसून लख्ख करायची आणि मी तिच्या मानेवर हात ठेवून उभी राहायची. आता खा, मी म्हणायची. कुणाला म्हणत होते ते मला माहीत होतं.

त्यात गावाची भर. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. अण्णाची घोडी म्हणून जो तो काही ना काही आणायचा. शेजारच्या मळ्यातला अप्पा उसाचे वाढे टाकून जायचा, हिरवेगार, रोज एक भारा. कुणी सणाची पोळी आणली, कुणी भिजवलेले हरभरे. तोबरा पुन्हा निघाला आणि रोज भरायला लागला. घोडी भरली. मानेवरचा कणा हाताला दगडासारखा लागायला लागला, ढुंगणावर मधोमध पन्हाळ पडली. येणारे जाणारे म्हणायचे, घोडी कशी नवरीसारखी दिसायलीय. मला बरं वाटायचं. जनावर सुजल्यासारखं झालं आहे हे एकालाही दिसलं नाही. मलाही नाही.

मेंढरू सुगीत ज्वारीच्या खळ्यात शिरलं आणि दाण्यावर तुटून पडलं तर ते जगत नाही, हे आमचं शेंबडं पोरही सांगेल. मी स्वतः खळ्यावर काठी घेऊन मेंढरं हाकलली आहेत. तीच मी, रोज संध्याकाळी ताट घेऊन उभी.

लंगडणं वाढलं तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. तरुण माणूस, नीट बघून गेला. खुरावर हात ठेवून म्हणाला, "गरम लागतंय. खायला काय काय देता, मावशी?"

"गवत, कडबा. रोजचंच."

ताट मी सांगितलं नाही. लपवलं असंही नाही. ताट हे चाऱ्यात धरायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ते त्यांचं जेवण होतं. डॉक्टरांनी सुई दिली, दोन दिवस घोडी बरी उभी राहिली. त्या दोन दिवसांत मी ताटात गूळ थोडा जास्तच घातला, आजारी आहे म्हणून. तिसऱ्या दिवशी ती उठेना.

मग मुलगा आळंदच्या बाजारातून नालबंदाला घेऊन आला. म्हातारा मुसलमान माणूस, बाजारात बैलांना नाल मारतो. त्याचा बाप टांग्याच्या घोड्यांना मारायचा. त्याने पिशवी खाली ठेवली, पण हत्यार काढलं नाही. घोडीभोवती एक फेरी मारली. मानेवर चिमटा घेतला. खुराच्या वर, पायाच्या मागच्या अंगाला, दोन बोटं दाबून बराच वेळ बसून राहिला.

मुलगा म्हणाला, "चाचा, खडीनं झालंय. चारी पायाला मारा."

"खडीनं?" तो म्हणाला. "खडीचा कसूर न्हाई बाबा. हे बघा, नस कशी उडायलीय." मग माझ्याकडे बघून, "अक्का, इसकू क्या खिलाते तुमी?"

"गवत, कडबा," मी म्हटलं.

"और?"

"वाढे. शेजारचे आणून देतेत."

"और?"

सूनबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "मामंजीचं ताट."

"ताट म्हंजे?"

तिने सांगितलं. भाकऱ्या किती, गूळ केवढा, सगळं. माझी सून मोजून मापून बोलणारी आहे. नालबंदाने ऐकून घेतलं आणि पिशवी पुन्हा खांद्याला लावली.

"मग नाल?" मुलाने विचारलं.

"नाल खालून लागतो. हिचं दुखणं वरून आलंय, तोंडातून. गूळ, दाना, हिरवा ऊस, बसून खाल्लं की त्याची आग खुरात उतरते. खुराच्या आतलं मास सुजतं. वरचं कवच काय फुगत न्हाई, मग ते आतल्या आत ठनकतं. तुज्या बोटाला नखाच्या आत सूज आली तर कसं होईल? त्यावर मी खिळे ठोकू?"

मग त्याने मला खाली बसवलं आणि खूर दाखवला. खूर वरून खाली वाढतो, नखासारखा. चांगल्या दिवसांत वाढलेला खूर सपाट असतो, वाईट दिवसांत वाढलेल्यावर आडव्या वळ्या उठतात. तांबडीच्या खुरावर वळ्याच वळ्या होत्या, वरच्या भागात सगळ्या दाटीने. त्याने सगळ्यात खालच्या वळीवर बोट ठेवलं. केसांपासून ती चार बोटं खाली होती. खाली सगळा खूर गुळगुळीत होता.

"ह्याला सात म्हैने झाले आसतील. तवा काय झालं होतं?"

मी बोटांवर मोजलं. तेरावा होता. पै-पाहुणे जमले होते, पोळ्यांची टोपली उरली होती आणि ती मीच तिच्यापुढे रिकामी केली होती.

तेव्हा मला ते दिसलं. तळव्यांची आग. खडीवर पाय न टेकणं. बाजेवर बसून पाय लांब टाकणं. हे मी दीड वर्ष माझ्या घरात बघितलं होतं, तेल चोळलं होतं त्या पायांना. तेच दुखणं चार पायांवर माझ्या दारात उभं होतं आणि मी रस्त्याला शिव्या देत होते.

नालबंदाने जे सांगितलं ते साधं होतं आणि ते करताना जीव जात होता. गूळ बंद, दाणा बंद, भाकरी बंद, वाढे बंद, कोवळं हिरवं बंद. माळावरचं जुनं वाळलं गवत द्यायचं, तेही पाण्यात भिजवून, पाणी ओतून टाकून, म्हणजे त्यातली गोडी निघून जाते. कडबासुद्धा धुऊन, थोडा. एकदम उपाशी ठेवायचं नाही, थोडं थोडं दिवसभर. विहिरीजवळच्या ओल्या वाळूत उभं करायचं. आणि डॉक्टरांना ताटाचं खरं सांगायचं. ते मी मुलाच्या फोनवरून सांगितलं. त्यांनीही खाण्याचं हेच सांगितलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

प्रश्न ताटाचा होता. वर्षाला अजून पाच महिने बाकी होते. दीर मेंढरं घेऊन जवळच होता, तो आला.

"वैनी, अण्णाचं ताट बंद करायलीस म्हनं?"

"कोन म्हनालं? ताट रोज वाढीन. त्यात काय वाढायचं ते मी ठरवीन."

संध्याकाळी मी पितळी ताट घासलं, त्यात धुतलेलं गवत ठेवलं, वर दोन बोटं मीठ. दीर बघत राहिला.

"अण्णाला गवत वाढतीस?"

"जिता होता तवा त्याला गूळ दिला न्हाई मी. आता मेल्यावर कामून दिऊ?"

सून तोंडाला पदर लावून आत गेली. हसत होती की रडत होती, मी बघितलं नाही. दीर म्हणाला, "तुज्या तोंडाला अण्णाच टिकला बग." आणि त्याने ताट उचलून स्वतः घोडीपुढे ठेवलं.

घोडीने ताट हुंगलं. गवत नाकाने बाजूला सारलं. खाली बघितलं, गूळ तळाला असेल म्हणून. मग माझ्याकडे बघितलं. पहिले पंधरा दिवस ती रोज तसंच करायची. संध्याकाळी भांड्यांचा आवाज आला की घशातल्या घशात हाक मारायची, मऊ, जशी मालकांना मारायची. मी चुलीपुढून उठत नव्हते. किल्ली सूनबाईकडे देऊन टाकली होती, माझ्या हाताचा भरवसा नव्हता म्हणून. एकदा तिच्याकडे मागितलीही.

"आत्या, न्हाई," ती म्हणाली.

"मला पायजे. चहाला."

"चहा मी करते."

तिने केला. साखर कमी होती.

शेजारचा अप्पा वाढे घेऊन आला की त्याला मी बांधावरूनच परत पाठवायची. तो रुसला. म्हणाला, "उपाशी मारायलीस म्हाताऱ्याची घोडी." गावात तसं बोललंही गेलं. बोलू दिलं.

महिनाभराने खूर गार लागायला लागला. घोडी वाळूतून आपल्या पायांनी बाहेर आली. मग मी तिला हातात दोर धरून चालवायला लागले, आधी विहिरीपर्यंत, मग ओढ्यापर्यंत, मऊ मातीतून. माझेही गुडघे दुखतात. ती माझ्या चालीने चालायची आणि मी तिच्या. ओढ्याकाठी उभं राहिलं की उत्तरेकडे उघडं रान दिसतं. तिकडेच आम्ही आषाढात निघायचो. मी आणि घोडी दोघीही तिकडे तोंड करून उभ्या राहायचो. ती कशाला बघत होती ते मला माहीत नाही. मी पुढे चालणारा माणूस बघत होते, खांद्यावर काठी आडवी टाकून, मागे वळून न बघणारा. चाळीस वर्षं मी त्याच्या पाठीकडे बघत चालले. तोंडापेक्षा मला त्याची पाठच जास्त आठवते.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी नालबंद पुन्हा आला, खूर तासायला. ती तेराव्याची वळी तोवर सरकत सरकत जमिनीपाशी पोहोचली होती. त्याने धारदार सुरीने खुराची कड काढली, तशी ती वळी निघून खाली पडली, नखाच्या कापासारखीच, फक्त मोठी. मी उचलावी की नाही असं मनात येईतो आमचं कुत्रं ती तोंडात धरून पळालं. कुत्र्यांना खुराचं कातरण फार आवडतं.

नालबंद म्हणाला, "पाय चांगले हायेत. पन अक्का, लिंबाखाली बांधून ठेवशील तर पुन्हा येईल. तू न्हाई दिलंस तर दुसरं कोनी देईल. हिला चालू दे."

ते मला त्याच्या आधीच कळलं होतं. मी फक्त कुणी बोलायची वाट बघत होते.

दुसऱ्या दिवशी शेवटचं ताट वाढलं. धुतलेलं गवत, मीठ. तिने सगळं खाल्लं. मग मी दिराला म्हटलं, "मी मेल्यावर ने म्हनाला होता तुजा भाऊ. तो गेल्याला वर्ष झालं. घेऊन जा."

दीर म्हणाला, "तुला करमंल?"

"माज्या करमायचं काय घिऊन बसलास? तिच्यावर वझं टाकू नको दोन म्हैने. दाना घातलास तर बघ."

आषाढात ती कळपाबरोबर वर गेली. लिंबाखालची जागा झाडायला सोपी झाली. संध्याकाळी हात अजून ताटाकडे जायचा. ताट आता फळीवर पालथं असतं.

सुगीनंतर दीर मेंढरं घेऊन खाली उतरला आणि आमच्या वस्तीच्या मागच्या तुरीच्या रानात चार दिवस बसला. पहिल्याच दिवशी मी निघाले. निघताना फळीवरच्या गुळाच्या डब्याकडे बघितलं. सुनेने किल्ली तिथेच खिळ्याला लावली होती. काढली नाही.

घोडी बारीक झाली होती. मुरमाने तिचे खूर आखूड आणि गोल झाले होते, कडेला गुळगुळीत. तिने मला ओळखलं. सरळ आली आणि पदर हुंगला, मग हात, मग कमर, जिथे किल्ली असायची. काही नाही मिळालं. तरी ती थोडा वेळ माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून उभी राहिली. नाकातून वाळल्या गवताचा वास येत होता. बीदरच्या माळाचा तो वास मी तीन वर्षांनी घेतला. दीर लांबून बघत होता. ठेवून घे म्हणेल असं मला वाटलं. मी म्हटलं असतं तर त्याने ठेवलीही असती.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी बिऱ्हाड उचललं. घोडीवर घोंगड्या, दोन डबे आणि दिराच्या सुनेचं तान्हं. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. मेंढरं आधी गेली, धूळ बसेपर्यंत काही दिसेना. मग घोडी आली. शेताची माती संपते आणि खडी सुरू होते तिथे मी तिच्या पायांकडे बघत होते, थांबते का ते बघायला.

थांबली नाही.